टेस्टच्या फडक्यावरचं घुबड

जीनियस माणूस दिसतो कसा, हे मला पन्नाशी उलटल्यावर एका क्लासवाल्या सरांनी विचारलं आणि तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय ते अजून जागेवर आलेलं नाही. प्रश्न टीशर्टपुरता होता. पण त्यातून पुढे जे झालं त्यात मी चोर ठरलो की साव, हे मला आजही सांगता येत नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमती लिहायला सांगितल्या आहेत. यात गंमत किती आहे ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मी मुरबाडला टीशर्ट छापतो. मूळ गाव आटगावजवळ. सुरुवात शहापूरच्या बाजारात पाट्या रंगवण्यापासून केली. दुकानांची नावं, जीपच्या मागची नावं, देवळाच्या भिंतीवरचे हत्ती, सगळं केलं. चित्रकला कुठे शिकलो नाही. पण हात सरळ चालायचा. आमच्या तालुक्यातल्या अर्ध्या देवळांवरचे हत्ती माझे आहेत आणि एकाही हत्तीखाली माझं नाव नाही. एका गावात देऊळ रंगवून झाल्यावर मी कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव टाकलं, तर कमिटीचे म्हातारे म्हणाले, "तिथं वर्गणीदारांची नावं यायची हायेत, तुझं पूस." मी पुसलं. घरी येऊन बायकोवर उगाच ओरडलो.

माझं तोंड तिखट आहे हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. त्यामागे एक वाक्य आहे. तीस वर्षं मी ते ऐकत आलो. गिऱ्हाईक येतं, टीशर्टचे, छपाईचे पैसे मान्य करतं. मी म्हणतो, चित्र काढायचे वेगळे. मग ते वाक्य येतं. "दोन रेघा तर मारायच्यात. त्याचे कसले वेगळे?" सरपंच म्हणाले, क्रिकेटवाले म्हणाले, माझा सख्खा मेहुणाही म्हणाला. मी भाव सोडत नाही. दोन रेघांसाठी मी लोकांना दुकानातून बाहेर काढलं आहे. पण घासाघीस करून पैसे मिळतात, एवढंच. रेघ ओढणाऱ्याला कोणी कलाकार म्हणत नाही.

आता काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवतात. तिला आम्ही फ्रेम म्हणतो. जाळीवर मसाला लावून, चित्र ठेवून प्रकाश दाखवला की चित्राच्या जागी जाळी उघडी राहते आणि बाकीची बंद होते. फ्रेम कपड्यावर ठेवायची, रंग ओतायचा, रबरी पट्टीने ओढायचा. उघड्या जागेतून रंग खाली उतरतो. एका रंगाला एक फ्रेम. काम संपलं की फ्रेम धुऊन पुढच्या चित्राला वापरायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या फ्रेम मात्र मी न धुता भिंतीला लावून ठेवतो. त्यात हळदीच्या टीशर्टवरचा हात आहे. आमच्याकडे हळदीला आख्खं खानदान एकसारखे पिवळे टीशर्ट घालतं, त्यावर हळदीने माखलेला पंजा लागतोच. टेनिस क्रिकेटवाल्यांची बॅट आहे. त्यातल्या एका टीममध्ये पंधरा जणांपैकी नऊ जणांना एकच नंबर पाहिजे होता. मी म्हटलं, अंपायर वेडा होईल. ते म्हणाले, होऊ दे.

एकदा पट्टी ओढली की एक हात. फ्रेमवर पहिले तीन-चार हात कधीच नीट येत नाहीत. जाळीत रंग भरायला वेळ लागतो. म्हणून नवा टीशर्ट घ्यायच्या आधी मांजरपाटाच्या एका मोठ्या तुकड्यावर ते हात मारायचे. हे आमचं टेस्टचं फडकं. त्यावर आज बॅट, उद्या पंजा, परवा कोणाचा तरी ढोल, असं एकावर एक बसत जातं. फडकं पूर्ण भरलं की माझ्याकडे कामाला असलेली पुष्पा ते कापून त्याचे पुसायचे तुकडे करते. असं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या फडक्याकडे कोणी चित्र म्हणून बघत नव्हतं. मीसुद्धा नाही.

पुष्पा वैशाखरे गावची. चौदा वर्षं माझ्याकडे आहे. फ्रेम धुणं, टेस्ट मारणं, माल सुकवणं ही तिची कामं. सकाळी माळशेजकडून येणाऱ्या गाडीतून उतरते, माझा आवाज चढला की पाणी आणून ठेवते आणि आपलं काम करत राहते. मला 'भाऊ' म्हणायची. 'म्हणायची' असं का लिहिलं ते पुढे येईल.

तर भोईर सर. मुरबाडला क्लास, शहापूरला त्याची शाखा. सरांनी हुशार पोरं निवडून 'जीनियस बॅच' काढली होती आणि जानेवारीत त्यांचा गुणगौरव होता. साठ टीशर्ट हवे होते. सर म्हणाले, "नाव नको. शब्दच नको. नुसतं चित्र. बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हा जीनियस आहे."

"म्हणजे कसं चित्र?"

"ते तुम्ही सांगायचं. तुम्ही त्यातले ना."

मी भाव सांगितला आणि चित्राचे वेगळे म्हणालो. सर हसले. "अहो काका, दोन रेघा तर मारायच्या."

मी उठलोच होतो. पण साठ टीशर्ट होते. बसलो.

आधी काढला बल्ब. सर म्हणाले, वायरमनची बॅच वाटते. मग काढला पिंजारलेल्या केसांचा म्हातारा. सर म्हणाले, हा कोण? मी म्हटलं, जीनियस. सर म्हणाले, पालक विचारतील हे कोणाचे आजोबा. मग सरांनीच मोबाईलवर एक परदेशी चित्र दाखवलं. घुबड. चष्मा लावलेलं. "तिकडे ज्ञानाचं प्रतीक असतं," असं म्हणाले. मी म्हटलं, "सर, इकडे घुबड दारात बसलं तर आमची आई हातात झाडू घेऊन बाहेर येते." तरी काढलं. चांगलं काढलं होतं, पीस न् पीस. सर नमुना घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत. "मिसेस म्हणतात, पोरांच्या छातीवर घुबड घालून तुम्ही त्यांचा गौरव करताय की त्यांना नजर लावताय?"

तीन चित्रं, तीन फ्रेम, तीन नकार. मी सरांना सुनावायला तोंड उघडलं. सर ऐकतच नव्हते. ते माझ्या मागे बघत होते. मागे खिळ्याला टेस्टचं फडकं लटकलं होतं.

"हे काय आहे?"

"ते फडकं आहे."

"कोणी काढलं?"

"काढलेलं नाही हो. पुसायचं आहे ते."

सर जवळ गेले, मागे आले, मान तिरकी केली. मग म्हणाले, "काका, हेच. हेच तर मी शोधत होतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ते फडकं नीट पाहिलं. मधोमध म्हाताऱ्याचे पिंजारलेले केस. त्या केसांत घुबड, तेही उलटं, त्यामुळे ते घुबड न दिसता नुसते दोन मोठे डोळे दिसत होते. खाली बॅट तिरकी पडून नाक झालं होतं. बल्ब कानाच्या जागी. हळदीचा पंजा गालावर असा टेकलेला, जणू कोणी तळहातावर डोकं धरून विचार करतंय. एक चेहरा होता. भरून वाहणाऱ्या डोक्याचा. परीक्षेच्या आदल्या दिवशीचं पोर आणि नव्वद वर्षांचा म्हातारा, दोघं एकाच वेळी. बघत राहावं असा. आणि मला काही कळेना. हा कोणी केला?

सरांनी विचारलं, "असे साठ होतील?"

भाव कधी कमी न करणारा मी त्या दिवशी भावच सांगू शकलो नाही. नुसतं "होतील" म्हणालो.

फोटो काढून तसाच छापून बघितला. टीशर्टवर ते फडकंच दिसलं, कोणीतरी हात पुसलेलं. फ्रेम एकावर एक हाताने मारल्याशिवाय ते येणार नाही हे कळलं. म्हटलं, फ्रेम माझ्या, चित्रं माझी, हात माझा. मी उभा राहिलो. तीन टीशर्ट वाया घालवले. प्रत्येकावर घुबड घुबड दिसत होतं, बॅट बॅट दिसत होती. भिंतीवर पोस्टर चिकटवल्यासारखं. पुष्पा बाजूला उभी होती. तिला विचारलं, "घुबड उलटं का मारलंस तू?"

"मी टेबलाच्या त्या बाजूला हुबी असते ना. मला सरळच दिसतं."

"आणि केसांतच का?"

"तिथं सुकलं व्हतं."

"मग पंजा? तोपण सुकलं म्हणून?"

ती जरा थांबली. "काय म्हाईत. तिथं बरा वाटला."

त्या थांबण्याचा मला राग आला. खरं सांगतो, तीन टीशर्टचा नाही, त्या थांबण्याचा राग आला. मी ओरडलो, "फडक्यावर रंग पुसायला अक्कल लागत नाय, पुष्पा! तुझ्या हातून झालं ते चुकून झालं!"

तिने हात धुतले, डब्याची पिशवी उचलली आणि भर दुपारी निघून गेली. चौदा वर्षांत पहिल्यांदा पाणी आणून ठेवलं नाही.

पुढचे दोन दिवस मी पाच टीशर्ट आणखी खराब केले. कार्यक्रमाला आठवडा उरला होता. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून वैशाखऱ्याला गेलो. ती घरामागे वालाच्या शेंगा तोडत होती. नवरा, तुकाराम, ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होता.

"चल, काम पडलंय," मी म्हणालो.

"पुसायचंच ना? कोणीपण पुसंल."

"पगार वाढवतो."

"पगार नको."

मी आयुष्यभर सौदे केले. पैसे नको म्हणणारा माणूस समोर आला की काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी म्हणालो, "मग काय पायजे तुला?"

तिने ओंजळीतल्या शेंगा टोपलीत टाकल्या. "दोन गोष्टी. मी मारत असंन तवा तुमी टेबलाला हात लावायचा नाय. आणि सरांना सांगायचं, हे पुष्पानं ठेवलंय. कार्यक्रमात सांगायचं. हे सगळ्यांना सांगत फिरतात, बायको शेठकडं धुणी धुवाय जाते." 'हे' म्हणजे ओट्यावरचा तुकाराम. तो खाली बघायला लागला.

"चित्रं माझी हायेत, पुष्पा."

"मी कुठं म्हनते माझी? चित्रं भाऊंची, ठेवली मी. एवढंच सांगा."

इतका स्वच्छ सौदा माझ्याशी कोणी केला नव्हता. मी हो म्हणालो.

तिने चार दिवसांत साठ टीशर्ट काढले. मी दाराशी स्टूल टाकून बसलो होतो, शब्द दिल्याप्रमाणे लांब. ती फ्रेम उचलायची, ठेवायची, परत उचलायची. कधी टेबलाला वळसा घालून पलीकडे जायची. एकदा तर पंजा टेकवायच्या आधी इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं तिला चक्कर आली. दोन टीशर्ट एकसारखे नव्हते आणि प्रत्येकावर तो चेहरा होता. सुकलेली जागा बघून कोणी इतका वेळ उभं राहत नाही. मग आधीच्या फडक्यावरही ती असंच करत होती का? की सरांनी म्हटल्यावर तिला सुचायला लागलं? मी विचारलं नाही. विचारायची सोय मीच घालवली होती.

कार्यक्रम मुरबाडच्या एका हॉलमध्ये झाला. साठ पोरं साठ चेहरे छातीवर घेऊन बसली होती. पालक वळून वळून बघत होते. मागच्या रांगेत पुष्पा, नवी साडी नेसून, आणि बाजूला तुकाराम. तिने त्याला ऐकायला आणलं होतं.

मी कार्यक्रमाआधी सरांना सांगायचं ठरवलं होतं. सर पाहुण्यांत होते. म्हटलं, नंतर माइकवर सांगू, तेच बरं. सरांचं भाषण सुरू झालं. सर म्हणाले, "जीनियस कसा दिसतो, हे मी एका माणसाला विचारलं. कुठल्याही कॉलेजात न शिकलेला माणूस. आपल्या मातीतला कलाकार." आणि माझं नाव घेतलं.

कलाकार. माइकवर. चारशे माणसांपुढे.

मी स्टेजवर कसा गेलो ते आठवत नाही. शाल खांद्यावर आली, हातात नारळ आला. देवळाच्या कमिटीतला एक म्हातारा दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होता. तोच, ज्याने नाव पुसायला लावलं होतं. तो असा टाळ्या वाजवत होता आणि सरांनी माइक माझ्या तोंडापुढे धरला. मला वाटलं, एवढा एक क्षण तसाच राहू दे. मग सांगतो. मी म्हणालो, "सरांचे आभार." टाळ्या वाजल्या. सरांनी माइक काढून घेतला आणि पुढचं नाव पुकारलं.

खाली उतरताना मी मागे पाहिलं. तुकाराम पुष्पाकडे बघत होता. रागाने नाही. दया आल्यासारखा. ती पुढच्या पोराच्या पाठीकडे बघत होती. पाठीवर आम्ही काहीच छापलं नव्हतं.

तेव्हापासून मी स्वतःशीच भांडतोय. कधी वाटतं, त्यात चुकलं काय? घुबड माझं, म्हातारा माझा, बल्ब माझा, बॅट माझी. एकूण एक रेघ माझी. तीस वर्षांनी एक शाल मिळाली ती काय फुकटची? कधी वाटतं, हीच चित्रं घेऊन मी आठ टीशर्ट खराब केले. रेघा होत्या, चेहरा नव्हता. मग चेहरा कोणाचा? आणि ती म्हणते तशी जर ती खरंच सुकलेली जागा बघत होती, तर चेहरा कोणाचाच नाही. मग सरांचा म्हणायचा, कारण त्यांनी तो आधी पाहिला? मी हे बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुमी तिला शब्द दिला व्हता का नव्हता?" मी म्हटलं, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, "मंग दुसरा कुठला?"

पुष्पा दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. मला वाटलं होतं येणार नाही. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "शेठ, आज कुठल्या फ्रेम धुवायच्या?" चौदा वर्षांचा भाऊ एका रात्रीत शेठ झाला. ओरडली असती तर मला ओरडता आलं असतं. तिने खिळ्यावरचं ते फडकं काढलं आणि कात्री घेतली. फडकं भरलं की कापायचं, हे कामच होतं तिचं. मी उठलो. थांब म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणणार होतो? ते ठेवून घ्यायचा हक्क माझा आहे असं म्हणालो असतो, तर स्टेजवरचं सगळं पुन्हा झालं असतं. कात्री उभी चालली. एका तुकड्यावर अर्धं घुबड, एकावर बोटं. त्या तुकड्यांनी तिने महिनाभर पट्ट्या पुसल्या.

सरांनी पुढच्या बॅचसाठी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, तसं आता होत नाही. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. मी सवयीप्रमाणे त्यांच्यावर ओरडलो, पण ओरडण्यात जीव नव्हता.

नवं मांजरपाट आणून मी खिळ्याला टांगलं. सहा महिने झाले, ते पांढरं आहे. पुष्पा आता टेस्ट जुन्या वर्तमानपत्रावर मारते. एक पान, त्यावर एक हात, बरोबर मधोमध, सरळ. पान चुरगाळून टोपलीत टाकते आणि पुढचं पान घेते. ती गेल्यावर मी कधी कधी टोपली उलटी करतो. पानं सरळ करून बघतो. एकावर पंजा, एकावर बॅट. एकावर दुसरं कधीच नाही.

परवा तिला सांगितलं, मी दिवाळी अंकात लिहितोय. सगळं लिहितोय, जे माइकवर राहिलं तेही. चित्रं माझी, ठेवली पुष्पाने, असं छापून येणार. ती फ्रेम धूत होती. पाण्याचा फवारा बंद करून तिने माझ्याकडे पाहिलं, बहुतेक कार्यक्रमानंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "किती पानांचा असतो?"

मी म्हटलं, "असेल दोनशे."

"कागद जाड असतो का, शेठ? वर्तमानपत्रातून रंग टेबलाला लागतो."